पद्मपाणी, मु. पो. मोडनिंब

जपानी कलेवर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा आमच्या मोडनिंबात एकच माणूस आहे आणि तो मी आहे, हे मला आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांकडून कळलं. तोपर्यंत मला याची कल्पना नव्हती. माझा अधिकार एवढाच, की मुलगी आणि जावई योकोहामाला असतात आणि आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन आठवडे राहून आलो. त्यातले दोन आठवडे नातवाला बागेत फिरवण्यात गेले. पण व्याख्यानमालेचं चौथं पुष्प गुंफायला येणाऱ्या सोलापूरच्या वक्त्यांचा घसा ऐनवेळी बसला होता आणि चिटणीस आमच्या ओसरीवर तक्क्याला टेकून हटून बसले होते.

"विषय कोणता?" मी विचारलं.

"जपानी कलेचा इतिहास आणि संस्कृतीतील तिचे स्थान," ते म्हणाले. "फळ्यावर लिहूनसुद्धा झालंय. तासभर बोला. फक्त आठाच्या आत आवरा, नंतर लोकांच्या मालिका असतात."

दीड हजार वर्षांचा इतिहास एका तासात, म्हणजे मिनिटाला पंचवीस वर्षं. आमच्या बार्शी लाइटला हा वेग कधी साधला नव्हता. ही अरुंद रुळांची गाडी १९०६ साली पंढरपूरपर्यंत गेली, तेव्हापासून आमच्या गावावरून धावू लागली. 'धावू' हा शब्द रेल्वेच्या कागदपत्रांतला आहे. आता रुळ रुंद झाले, गाडी खरोखरच धावते, आणि चढता-उतरताना गप्पा मारायची सोय गेली ती गेलीच.

माझ्या लहानपणी 'जपानी' हा शब्द आमच्या घरात शिवीच्या आसपास वावरत असे. युद्धाच्या आधी कधीतरी काकांनी मुंबईहून चावीचं पत्र्याचं माकड आणलं होतं. ते ढोलकं वाजवायचं. दोनदा वाजवून तिसऱ्यांदा बसलं ते कायमचं. त्यानंतर घरात काहीही मोडलं, अगदी अस्सल पंढरपुरी तांब्याला पोचा आला, तरी काका म्हणत, "जपानी दिसतंय! नकल्या लोक. इंग्रजाचं बघून केलेलं ते, टिकणार किती?"

यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदाच बोलले होते. "नक्कल करायलाही हात लागतो, दादा." आणि पुन्हा पाटी रंगवायला बसले.

अण्णा शाळेत ड्रॉइंग मास्तर. आपल्या मनाचं असं एकही चित्र त्यांनी जन्मात काढलं नाही. त्यांनी सगळं 'उतरवलं'. शाळेसाठी शिवाजी महाराज उतरवले, टिळक उतरवले, लग्नघरांसाठी रविवर्म्याची लक्ष्मी उतरवली. सीमेपलीकडून आलेल्या एका व्यापाऱ्याला दुकानाची कन्नड पाटीही करून दिली. त्यांना कन्नडचं अक्षर येत नव्हतं. पाटी वर्षभर दिमाखात लटकली. मग एका जाणकारानं त्यातलं एक अक्षर डोक्यावर उभं असल्याचं दाखवून दिलं, तेव्हा व्यापारी म्हणाला, "असू द्या, गिऱ्हाइकाला सवय झाली."

तर व्याख्यान. सुरुवात गणपतीपासून केली. त्याला दुहेरी कारण होतं. एक म्हणजे प्रथा, आणि दुसरं म्हणजे तोक्योतल्या आसाकुसा भागात टेकडीवर खरोखरच त्याचं एक देऊळ आहे. तिथं त्याला शोतेन म्हणतात. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत आणि नैवेद्याला दुर्वा-मोदक सोडून पांढराशुभ्र मुळा वाहतात. सभेत खसखस पिकली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "चतुर्थीला मुळा? म्हंजी रात्री उपास सोडायचा तरी कसा?" सरस्वती तिथं बेन्झाइतेन झाली. वीणा ठेवली आणि बिवा नावाचं वाद्य घेतलं. लक्ष्मी किचिजोतेन झाली. ही सगळी मंडळी सहाव्या शतकापासून बौद्ध धर्माबरोबर गेली. चीन, कोरिया असे मुक्काम करत, प्रत्येक मुक्कामावर कपडे आणि नाव बदलत. हल्ली आपली मुलं परदेशी जाऊन करतात, त्याहून वेगळं काही नाही.

यातला सगळ्यात मोठा प्रवासी अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात निळं कमळ घेऊन, मान किंचित कलती करून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी उभा आहे तो पद्मपाणी, हे त्याचंच रूप. चीनमध्ये तो ग्वानयिन झाला, जपानात कान्नोन. वाटेत कुठेतरी तो स्त्री झाला. म्हणजे पूर्ण झाला असंही नाही. तो बुवा की बाई, हा वाद तिकडे कुणी घालत बसत नाही. संकटातल्या माणसाला ज्या रूपाची गरज असेल ते रूप तो घेतो, आणि अशी त्याची तेहतीस रूपं सांगितली आहेत. चौतिसावं रूप मला नव्यानंच कळलं. १९३४ साली जपानात एक कॅमेरा तयार झाला. करणारे भाविक असावेत, त्यांनी पहिल्या नमुन्याला 'क्वानोन' नाव दिलं. पुढं त्याचंच 'कॅनन' झालं. तेव्हा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर कॅनन कॅमेरा धरून जो प्रवासी उभा राहतो, तो वस्तुतः देवाचा फोटो देवाकडूनच काढून घेत असतो.

हे वाक्य मी घरी दोनदा घोकून आलो होतो. टाळ्या पडल्या. इथपर्यंत माझं बरं चाललं होतं.

जपानी कलेची घडण ही मुळात उतरवण्याची आहे, हे मी मग सांगू लागलो. तिथं शतकानुशतकं चित्रकार व्हायचं म्हणजे गुरूच्या घरी जाऊन गुरूची चित्रं उतरवायची. कानो घराणं पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत, चारशे वर्षं, राज्यकर्त्यांच्या पदरी होतं. पोरगा येई, त्याच्या हातात नमुन्यांची वही पडे. बांबू, खडक, सारस, वाघ. जपानात वाघ नाही. कातडी आणि चिनी चित्रं यांच्यावरून वाघ शिकायचा, त्यामुळे कित्येक जपानी वाघांचा चेहरा घरच्या मांजरासारखा दिसतो. या नमुन्यांच्या वहीला 'फुनपोन' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ भुकटीची वही. चित्राच्या रेषेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, तो कागद भिंतीवर लावायचा आणि वरून भुकटी मारायची म्हणजे खाली ठिपक्यांची रेघ उमटते, ही जुनी चिनी रीत त्या शब्दामागे असल्याचं सांगतात.

हे सांगताना मी जरा अडखळलो. आमच्या घरी याला खाका म्हणत. भुकटी लोणारी कोळशाची आणि ती धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी. लहानपणी ती वाटून चाळायचं काम माझ्याकडे असे आणि नाक आठवडाभर काळं.

पण म्हणून त्यांना नकल्या म्हणावं, तर तसंही नाही. चिनी घडण घोटून घोटून झाली, की एके दिवशी हात आपल्या वळणावर जातो. बाराव्या शतकात 'गेन्जी'च्या कथेवर चित्रांच्या गुंडाळ्या झाल्या. त्यांत राजवाड्यातल्या खोल्या दाखवताना चित्रकारांनी छपरंच काढून टाकली आहेत. आपण वरून डोकावतो. कोण रुसलंय, कोण पडद्याआड रडतंय, सगळं दिसतं. ही सोय आमच्या गावात छपरं शाबूत ठेवून आहे, पण चित्रात ती प्रथम आणली जपान्यांनी.

घरात चित्र कसं ठेवावं, यात तर त्यांनी साऱ्या जगाला मागं टाकलं. जुन्या पद्धतीच्या घरात बैठकीच्या खोलीत एक कोनाडा असतो, तोकोनोमा. त्यात एकच चित्र टांगायचं, खाली एक फुलदाणी. ऋतू बदलला की ते गुंडाळून पेटीत, दुसरं बाहेर. पाहुणा आला की आधी त्या चित्रापुढं बसून ते बघणार, मग यजमानाशी बोलणार. आमच्याकडे भिंतीला मोकळा खिळा दिसला की घरातल्या बाईचा जीव वरखाली होतो. मी मोजली, आमच्या बैठकीत या घटकेला कॅलेंडरंच चार आहेत. त्यांतलं एक तीन वर्षांपूर्वीचं, पण त्यावर बालाजी आहे, काढणार कोण? जपानी चहावाल्यांनी, म्हणजे चहाचा विधी घडवणाऱ्यांनी, मातीच्या ओबडधोबड वाटीला रेशमी पिशवीत ठेवलं, तिला नाव दिलं. सोन्यानं सांधलेल्या फुटक्या कपांचं हल्ली फार कौतुक होतं. त्यावर मी काही बोलणार नाही. आमच्याकडे फुटका कप दाढीच्या ब्रशासाठी राखून ठेवतात, तोही एक प्रकारचा सन्मानच.

श्रीमंतांचं झालं. गरिबांच्या चित्राची गोष्ट मला जास्त आवडते. सतराव्या शतकापासून एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, लाकडी ठशांची चित्रं निघू लागली. नट, गणिका, पैलवान, डोंगर, पूल. एक माणूस चित्र काढी, दुसरा लाकूड कोरी, तिसरा छापी आणि प्रकाशक पैसे घाली. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. अशा चित्राची किंमत साधारण वाडगाभर शेवयांइतकी. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१च्या सुमाराची. त्या वेळी त्याचं वय सत्तरीच्या घरात होतं. आता ती लाट टी-शर्टावर, उशीवर, चहाच्या मगावर, कुठंही फुटते. तिच्यातला तो निळा रंग जपानी नाही, बर्लिनचा आहे. आणि पुढं हीच स्वस्त चित्रं युरोपात गेली, तेव्हा काय झालं? पॅरिसमध्ये व्हॅन गॉगनं १८८७ साली हिरोशिगेची दोन चित्रं तेलरंगात जशीच्या तशी उतरवली. एक आलुबुखाराच्या झाडाचं, दुसरं पावसातल्या पुलाचं. इतकंच नव्हे, त्यांच्या कडेनं जपानी अक्षरंही काढली. त्याला जपानी येत नव्हतं.

आमच्या कन्नड पाटीची आठवण इथं मला व्हायलाच हवी होती. पण त्या वेळी मी वक्ता होतो, आणि वक्त्याला आपलं घर आठवत नाही.

१८६८ साली जपानात नवं राज्य आलं आणि जुनं सगळं टाकाऊ ठरलं. बुद्धमूर्ती सरपणाच्या भावानं गेल्या, देवळं ओस पडली. तेव्हा फेनोलोसा नावाचा एक अमेरिकन प्रोफेसर आणि त्याचा जपानी विद्यार्थी ओकाकुरा हे दोघं देवळं धुंडाळत हिंडले. १८८४ साली नाराजवळच्या होर्युजी मंदिरातलं एक दालन त्यांनी उघडायला लावलं. आतली कान्नोनची मूर्ती शेकडो वर्षं कापडात गुंडाळलेली होती. भिक्षू भूकंप होईल म्हणून पळाले. कापड सुटता सुटेना, धूळ नाकातोंडात, आणि शेवटी आत जी हसरी मूर्ती निघाली तिच्यावरचा सोन्याचा मुलामा जसाच्या तसा. हाच ओकाकुरा १९०२ साली भारतात होता. अजिंठाही पाहून गेला. होर्युजीच्या भिंतींवरची चित्रं आणि अजिंठा यांचं नातं त्याच्या ध्यानात आलं होतं.

हे होर्युजी ६०७ साली बांधलं, ६७० साली जळलं, लगोलग पुन्हा बांधलं. त्याचं मुख्य दालन, कोंदो, हे जगातल्या उभ्या लाकडी इमारतींत सगळ्यात जुनं. त्याच्या बारा भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटी-शेवटी चित्रं काढली गेली, आणि सहाव्या भिंतीवर अमिदा बुद्धाच्या शेजारी जी कान्नोन उभी आहे, ती आणि आपला पद्मपाणी यांना शेजारी ठेवलं तर कुणीही म्हणेल, भावंडं आहेत. लगेच 'सगळं आपल्याकडूनच गेलं' म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. मध्ये दोनशे वर्षं, हजारो मैल आणि चिनी हात आहेत. पण मानेचा तो कल तसाच पोचला, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

आता एका नक्कलकाराची गोष्ट. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानात गेले होते. योकोहामाला एका श्रीमंत रसिकाच्या घरी त्यांनी शिमोमुरा कान्झानचं एक चित्र पाहिलं. आंधळा भिकारी मुलगा, मावळत्या सूर्यापुढं हात जोडून उभा. चित्र त्यांच्या मनात बसलं. मूळ मिळणं शक्य नव्हतं, म्हणून उतरवून घ्यायचं ठरलं आणि ते काम मिळालं आराई कान्पो या चित्रकाराला. त्यानं ते असं उतरवलं, की रवींद्रनाथांनी त्यालाच कलकत्त्याला बोलावून घेतलं. म्हणजे नक्कल चांगली केली म्हणून परदेशी नोकरी लागली. आमच्या शाळेत याच गुणासाठी बाकावर उभं करत. हा कान्पो १९१७-१८च्या हिवाळ्यात सहकाऱ्यांसह अजिंठ्याला आला. तेव्हा ते निजामाच्या मुलुखात. वटवाघळांची दुर्गंधी, अंधार, जवळपास धड वस्ती नाही. त्यात बसून या जपानी मंडळींनी भिंतींवरची चित्रं कागदावर घेतली आणि तोक्योला नेली. तिथल्या विद्यापीठात ती ठेवली होती. १ सप्टेंबर १९२३ला मोठा भूकंप झाला, शहर पेटलं, आणि अजिंठ्याची ती सगळी मेहनत जळून गेली.

अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच असावा. त्याआधी मेजर गिल १८४४पासून वीसएक वर्षं तिथं राहून चित्रं उतरवत होता. लोकांना गिलची पारू माहीत असते, गिलची चित्रं नाही, कारण ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षं काम चाललं. त्यांतली कितीतरी त्याच १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या म्युझियममध्ये आगीत गेली. तीनदा नक्कल जळाली आणि मूळ आपलं वाघूर नदीच्या काठी पोपडे सावरत उभं.

होर्युजीत नेमकं उलटं घडलं. तिथल्या भिंती खराब होत चालल्या म्हणून १९४०पासून नामांकित चित्रकार त्या उतरवून घेत होते. त्यांत हा कान्पोही होता. अजिंठ्याची जळालेली मेहनत मागं टाकून साठी ओलांडलेला हा माणूस पुन्हा भिंतीसमोर बसला. काम पुरं व्हायच्या आत, १९४५ साली, तो गेला. आणि २६ जानेवारी १९४९च्या पहाटे कोंदोला आग लागली. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्या चित्रकारांना बसायला विजेवर तापणाऱ्या गाद्या दिल्या होत्या. त्यांतलीच एक चालू राहिली असावी, असा संशय. म्हणजे चित्र वाचवायला आलेल्यांच्या बुडाखालच्या गादीनं चित्र जळालं! बाराही भिंतींचे रंग गेले. आधीच उतरवून बाजूला ठेवल्या होत्या म्हणून आकाशात उडणाऱ्या अप्सरांच्या वीस लहान फळ्या तेवढ्या वाचल्या. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला आपलं प्रजासत्ताक झालं. आपण झेंडावंदन करतो तेव्हा जपानातल्या देवळांतून पाण्याच्या फवाऱ्यांची कवायत चाललेली असते. १९५५पासून तो दिवस त्यांनी पुराणवस्तू आगीपासून जपण्याचा ठरवला आहे. जळक्या भिंती त्यांनी टाकल्या नाहीत. कोठारात जपून ठेवल्या. आणि आधी घेतलेली छायाचित्रं आणि नकला यांच्या आधारानं १९६७-६८ साली पुन्हा सगळी चित्रं उतरवून कोंदोत बसवली.

ती मी पाहिली. तारेच्या जाळीतून, अंधूक उजेडात. जावयानं मोबाइल बघून सांगितलं, "बाबा, ही ओरिजिनल नाहीत. कॉपी आहेत. चला, नाराला जाऊन हरणं बघू." मी हललो नाही. मला ती मान दिसली होती. सौभाग्यवतीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

हे शेवटचं मी व्याख्यानात सांगितलं नाही. इसेच्या देवळाचं सांगितलं. ते सातव्या शतकापासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं, हुबेहूब बांधतात. २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधलं, आता २०३३मध्ये. तेराशे वर्षांचं देऊळ कायम कोरं करकरीत. जुन्या सुतारानं हयातीत दोन-तीनदा बांधायचं, की धाकट्याच्या हातात रंधा. मधल्या काळात लढायांमुळे शंभर-सव्वाशे वर्षं खंड पडला, तरी हात विसरले नाहीत. इतकं बोलून मी घड्याळ बघितलं, पावणेआठ झाले होते, आणि परंपरेप्रमाणे म्हणालो, "कुणाला काही प्रश्न?"

असे प्रश्न विचारायचे असतात तेव्हा कुणी विचारत नाही, हा माझा अनुभव. पण मागच्या रांगेतून एक म्हातारबा उठले. अण्णांचे विद्यार्थी. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले,

"आवं, तुमी समदं जपानचं सांगितलासा, ब्येस झालं. पर मास्तरांनी तुमच्या वसरीवर ह्योच देव काडला हुता न्हवं? हातात फूल असल्याला? त्यो तुमीच पुसलासा न्हवं?"

सभा शांत झाली. चौथ्या रांगेत बायकांच्या बाजूला सौभाग्यवतीनं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं.

म्हातारबा म्हणाले ते खरं होतं. १९५८ साली शाळेच्या सहलीबरोबर अण्णा अजिंठ्याला गेले. पोरं सगळी लेणी बघून, डबे खाऊन, माकडांना दगड मारून परत आली तरी अण्णा पहिल्या लेण्यातच. पहारेकऱ्यानं शेवटी दिवा नेला तेव्हा उठले. पुढचा सबंध पावसाळा त्यांनी वहीतल्या रेघा, एक छापील चित्र आणि चौकटींची आखणी यांवरून मोठा खाका केला आणि ओसरीच्या मधल्या भिंतीवर पद्मपाणी उतरवला. सहा फूट उंच. निळं कमळ करताना निळा रंग कमी पडला, तेव्हा धुण्याची नीळ वापरली.

गावात चर्चा झाली. "मास्तर, ह्यो इठोबा म्हनावा, तर कमरंवर हात न्हाईत." "बाईमानूस म्हनावं, तर लुगडं न्हाई." आषाढीला आमच्या ओसरीवर वारकरी टेकत. एका वर्षी एक म्हातारी त्याच्या पायाशी बसली, बराच वेळ बघत राहिली, मग कनवटीचा बुक्का काढून तिनं भिंतीला लावला. मी धावलो, "आजी, चित्र आहे ते!" अण्णा म्हणाले, "लावू दे." मग दरवर्षी कुणी ना कुणी लावत गेलं. पद्मपाणीच्या पायावर बुक्क्याचा एक काळा पट्टा तयार झाला.

१९७९ साली माझं लग्न ठरलं. मुलीकडची माणसं पुण्याची. मी बँकेत नुकताच लागलेला, नवा बुशशर्ट शिवलेला. भिंतीवर हा उघडा, बुक्का माखलेला, कमरेशी पोपडे आलेला बाप्या बघून पाहुणे काय म्हणतील, ही मला चिंता. मी अण्णांना म्हटलं, "नाहीतरी ती नक्कलच आहे." हे वाक्य मी म्हटलं. मला ते आठवतं, त्या वेळी मी पायांत चप्पल घालत होतो हेसुद्धा आठवतं. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो, तर स्वतः पिंपात चुना कालवत बसलेले. रंगाऱ्याला म्हणाले, "दोन हात द्या. एका हातात झाकायचा नाही तो."

सभेत मी म्हातारबांना म्हणालो, "होय. मीच." चिटणिसांनी घाईघाईनं आभार मानले. नारळ आणि पुष्पगुच्छ मिळाला.

घरी येईपर्यंत ही बोलली नाही. कुलूप काढताना म्हणाली, "माझ्या माहेरच्या माणसांचं नाव कशाला पुढं केलंत? माझे वडील तर घरी कुणी साधी रांगोळी काढली तरी ओलांडत नव्हते. आणि मामंजी माझ्यासमोर सात वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून चहा घेत होते. मी म्हणायची, यांना पंखा सोसत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक तिनंच खाली घ्यायला लावली. आत अण्णांचे गोठलेले ब्रश, इंटरमीजिएटचं सर्टिफिकेट, शाळेच्या पगाराच्या पावत्या आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांबलचक वळकटी. खाका. कागद पिवळा, घडीवर तुटलेला, पण उजेडासमोर धरला तर भोकं जशीच्या तशी. कपाळ, भुवया, कलती मान, कमळ. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख होती. १९७९, माझ्या लग्नाच्या आठ दिवस आधीची. म्हणजे हा पहिला खाका नव्हे. चुना लागायच्या आधी अण्णांनी आपल्याच भिंतीवरून हा दुसरा उतरवून घेतला होता.

लोणारी कोळसा आता मिळत नाही. इस्त्रीवाल्याकडून मूठभर आणला, वाटला, चाळला. या वयात नाक पुन्हा काळं झालं. धोतराच्या फडक्याची पुरचुंडी केली. स्टुलावर मी चढलो आणि कागद वरून धरला, खालून हिनं. माझा हात कापतो. तरी ठोकत गेलो. अर्ध्या तासानं कागद बाजूला केला, तेव्हा डिस्टेंपरच्या फिक्या पिवळ्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी कुणीतरी उभं होतं.

ही दोन पावलं मागं सरून, पदरानं हात पुसत बघत राहिली.

"वाकडा आलाय," ती म्हणाली. "खांदा एका बाजूला गेलाय."

"मुळातच तो तसा आहे."

"मूळ म्हणजे कुठलं?" तिनं विचारलं. "आणि आधी तो पंखा बंद करा. सगळा कोळसा माझ्या तांदळांवर उडतोय."